विरजणापुरतं दही

"फॅमिली किती जणांची, मॅडम?" कुलपाशी झटापट करता करता सोनवणेने विचारलं.

"मी आणि माझी मुलगी."

"नाही, म्हणजे फॅमिली?"

"हीच फॅमिली."

तो जरा घुटमळला. सोनवणे नाशकात भाड्याची घरं दाखवायचा. माणूस वाईट नव्हता, पण नवऱ्याशिवायची फॅमिली त्याच्या डोक्यात मावत नव्हती. "तसं काही नाही हो, घरमालक विचारतात म्हणून," तो म्हणाला. "पण एरिया बघा, एकदम फॅमिली एरिया. खाली बाग, मागे शाळा, कोपऱ्यावर मुलांचा दवाखाना. निवांत."

निवांत म्हणे! त्या आठवड्यात मला तो शब्दसुद्धा ऐकवत नव्हता. पायाला भिंगरी लागल्यासारखी मी त्या रिकाम्या फ्लॅटमधून फिरत होते. नळ सोडून बघितला, बाथरूमची कडी बाहेरून उघडते का ते बघितलं, बाल्कनीचा कठडा मिथिलाच्या कुठवर येतो ते तिला उभं करून बघितलं. मागे वळले तर आई गायब.

आई समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराशी उभी होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला आणि हातात स्टीलची वाटी. तासगावहून निघताना तिने ती वाटी पिशवीत टाकली तेव्हा मी विचारलं होतं, ही कशाला? तर "असू दे" म्हणाली होती. आत्ता उजेड पडला.

तिने बेल दाबली. आतून आवाज आला, "कोण?"

"जरा विरजण मिळेल का हो? विरजणापुरतं दही. समोर राहायला यायचं म्हणतोय आम्ही."

"नको, नको. काही घ्यायचं नाहीये."

"अहो, विकायला नाही, मागायला आलेय!"

आत टीव्हीचा आवाज वाढला. आईने वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बघितलंस?"

सोनवणे हसू दाबत किल्ल्या चाळत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डेअरीत नोकरीला निघालेली मी, आणि माझी आई परक्या गावात दारोदार दही मागत होती!

पण तिला बोलायची सोय नव्हती, कारण अट आम्ही दोघींनी मिळून ठरवली होती. नवऱ्याला सोडून मी मिथिलाला घेऊन आईकडे तासगावला आले तेव्हा पोर चार वर्षांची होती. वडील त्याआधीच गेलेले. मी तालुक्याच्या दूध संघाच्या लॅबमध्ये लागले आणि मिथिला आजीच्या हाताखाली वाढली. मग तिला फिट यायला लागली. वर्षातून एखाद-दोनदाच यायची, औषधही चालू होतं, पण कधी येईल याचा नेम नव्हता. तासगावात काळजी नव्हती. आईने नुसती हाक मारली तरी आळीतली चार माणसं चपला न घालता धावत यायची.

अशात नाशिकच्या एका मोठ्या डेअरीतून मला बोलावणं आलं. लॅबची प्रमुख म्हणून. पगार बरा, काम माझ्या आवडीचं, आणि मुख्य म्हणजे 'माहेरी येऊन बसलेली' हे बिरूद एकदाचं सुटणार होतं. मी हो म्हणून टाकलं. तेव्हा आई म्हणाली, "जा की. पण तू दिवसभर कामावर. पोरीला काय झालं तर दार कुणी उघडायचं? शाळा नि बागा काय चाटायच्यात? हाकेला दार उघडणारा शेजार मिळाला तर ने तिला. न्हाई तर ती माझ्याजवळ राहील, तू महिन्या-दोन महिन्यानं येत जा."

मी मान हलवली. हलवणार नाही तर काय! तीच भीती माझ्याही पोटात होती, फक्त मी ती तोंडाने बोलत नव्हते. आणि दुसरी एक भीती त्याहून मोठी होती. महिन्या-दोन महिन्यांनी येणारी आई ही हळूहळू पाहुणी होते. पोर पळत येते, खाऊची पिशवी उघडते आणि झोपायला आजीच्या कुशीत जाते. ते मला नको होतं. मिथिला मला हवी होती, माझ्या घरात.

पंचवटीतल्या एका धर्मशाळेत आम्ही उतरलो होतो. मे महिना, अंगाची नुसती काहिली. मी सकाळी उठून तयार होऊन बसायची की चला, घरं बघू. आई हलायची नाही. सकाळी म्हणायची, उन्हं चढलीत, पोरीला त्रास होईल. दुपारी म्हणायची, आता माणसं आडवी झालेली असतात. "संध्याकाळी जाऊ. शेजार बघायचाय न्हवं? मग माणसं घरात सापडतील असं जायला पाहिजे." बोलणं बिनतोड होतं. मग मी दिवसभर त्या खोलीत येरझाऱ्या घालायची, सोनवणेला फोन करायची, मिथिलावर उगाच खेकसायची आणि मग तिला जवळ घ्यायची.

"आई, तू चालतेस तर मला गरगरतं," मिथिला म्हणायची.

आईचं मात्र सगळं यथासांग चाललं होतं. नदीवर जाऊन यायची, पोथी वाचायची, आणि रोज रात्री दूध आणून घरून आणलेल्या डबीतल्या दह्याने थोडं विरजण लावायची. दह्यावाचून तिचा घास उतरत नसे. एकदा धर्मशाळेची बाई दिवे लागल्यावर झाडू घेऊन आली तर आईने तिला दारातूनच परतवलं. "तिन्हीसांजेला केर काढतात व्हय गं? लक्ष्मी यायची वेळ. सकाळी ये." बाई बिचारी निघून गेली.

दुसऱ्या संध्याकाळी इंदिरानगरात गेलो. घर ठीक होतं, जिना अरुंद. आईने शेजारचं दार वाजवलं. एका तरुण मुलीने चटकन उघडलं, हसून आत गेली आणि फ्रिजमधून दह्याची पिशवी घेऊन आली. "ही अख्खीच घ्या काकू, आमच्याकडे आणखी आहे."

मला इतका आनंद झाला की मी तिथेच सोनवणेला विचारलं, करार किती महिन्यांचा. पण आईने पिशवी हातात धरून उलटसुलट करून बघितली. "पिशवीतलं? ह्यानं लागतंय व्हय विरजण! ज्या घरात दही लागत नाही, त्या घरात माणूस थांबतं का? सकाळी कुलूप, रात्री कुलूप."

"आई, अगं तिने दार उघडलं ना!"

"विचार तिला, दिवसा कोण असतं घरात."

विचारलं. मुलगी म्हणाली, आम्ही दोघंही नोकरी करतो, आठ वाजता येतो. आई जिना उतरायला लागली. मी त्या पिशवीकडे बघत राहिले. अशा पिशव्यांवर शिक्का मारायलाच तर मी नाशकात आले होते! असा संताप आला. पण बोलणं खोटंही नव्हतं, म्हणून गिळला.

तिसऱ्या दिवशी पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एका चार मजली इमारतीत गेलो. डेअरीच्या बसचा थांबा तिथून जवळ होता. खाली सोनवणेचंच छोटं ऑफिस. दुसऱ्या मजल्यावरचं ते घर मला दारातूनच आवडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. मिथिला खोल्याखोल्यांतून पळत सुटली आणि एका खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसली. "ही माझी खिडकी! इथे कुणी बसायचं नाही."

नाशकात आल्यापासून पहिल्यांदा माझे पाय एका जागी थांबले. इथे पोळपाट, इथे तिचं दप्तर, असं मनातल्या मनात मांडत होते, तोवर आई वाटी घेऊन बाहेर गेलीच. बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. उदबत्तीचा वास आमच्या रिकाम्या घरापर्यंत आला. बाईचा आवाज ऐकू आला, "आत्ता नाही हो..." आणि पुढचं काही कळायच्या आत आमच्या मिथिलाने कट्ट्यावरून खाली उडी मारली, धप्पकन. मग दार लागलं.

आई आत आली. रिकामी वाटी तिने मला दाखवली.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"एवढंच?"

"आणि काय म्हणायला पाहिजे? घरात दही असून नाही म्हणाली. चमचाभर दही निघेना जिच्या हातनं, ती तुझ्या पोरीसाठी रात्री उठणार हाय?"

मला रडू यायला लागलं. रागाचं होतं की कशाचं, देव जाणे. सोनवणे तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पळाला होता. किल्ली सकाळी खालच्या ऑफिसात द्या, आणि घर घ्यायचं असेल तर तेव्हाच सांगा, म्हणून गेला होता. आम्ही कुलूप लावून निघालो. रिक्षात आई हळूच म्हणाली, "मिथीचं तिकीट माझ्याबरोबर काढू ना? उद्याच्या सांगलीच्या गाडीचं."

मी रिक्षाबाहेर बघत राहिले. ते तिने हो धरलं, आणि खरं तर हो होतंच.

सकाळी पिशव्या घेऊन बाहेर पडलो. मला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. ठरलं असं की वाटेत किल्ली द्यायची, मग दोघींना बसमध्ये बसवायचं, मग मी कुठेतरी एकटीपुरती खोली बघायची. मिथिला खूश होती, तिला बसची खिडकी मिळणार होती. आजीबरोबर जायचं म्हणजे मी मागे राहणार, हे तिच्या अजून ध्यानात आलेलं नव्हतं. ते येऊ नये म्हणून मी तिच्याशी नुसतं बसच्या खिडकीबद्दलच बोलत होते.

सोनवणे शटर वर करत होता. मी किल्ली पुढे केली.

"काय मॅडम, पसंत नाही?"

तेवढ्यात वरून हाक आली. "अहो आजी! थांबा, थांबा! जाऊ नका!"

दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत एक चाळिशीची बाई होती, धुतलेल्या केसांना पंचा गुंडाळलेली. ती आत पळाली आणि धाडधाड जिना उतरून खाली आली. हातात काचेची वाटी, वर ताटली. धापा टाकत आईपुढे उभी राहिली.

"काय हो आजी! सांगितलं होतं ना, सकाळी या म्हणून? मी सहापासून वाट बघतेय. दोनदा तुमचं दार बघून आले, तर कुलूप! म्हटलं रागावून गेल्या की काय." तिने ताटली उचलली. घट्ट, कवडी दही. "घ्या. तिन्हीसांजेला कसं देऊ, तुम्हीच सांगा. नुकताच दिवा लावला होता. तुम्ही एवढ्या मोठ्या, तुम्हाला मी काय सांगणार!"

मी आईकडे बघितलं. आई वाटीकडे बघत होती.

धर्मशाळेच्या दारात झाडू घेऊन उभी असलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढे आली. उन्हं चढलीत. माणसं आडवी झालीत. संध्याकाळी जाऊ. संध्याकाळीच जाऊ. हळूहळू सगळं लखलखीत झालं, आणि मग माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली म्हणता! पण ती बाई समोर उभी होती आणि मला आधी तिच्याशी बोलायचं होतं. आत्ता बोलले नसते तर पुन्हा धीर झाला नसता.

"वहिनी," मी म्हटलं, "माझ्या मुलीला फिट येते."

हे मी नाशकात पहिल्यांदाच बोलत होते. सोनवणेने कान टवकारले, टवकारू देत.

"मी दिवसभर कामावर असणार. सकाळी शाळा, दुपारी तिला बाई बघेन मी सांभाळायला. पण कधी तसं काही झालंच तर ती बाई तुमचं दार वाजवेल. म्हणून आधीच विचारते. तुम्ही उघडाल?"

तिने मिथिलाकडे बघितलं. मिथिला ताटलीला लागलेलं दही बोटाने चाटत होती.

"फिट आली की करायचं काय असतं?" बाईने विचारलं. "आमच्या गावाकडे कांदा हुंगवायचे."

"कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं आणि जवळ बसायचं. थांबलं नाही तर दवाखाना."

"एवढं येईल मला. एकदा नीट दाखवून ठेवा, म्हणजे मी आमच्या ह्यांनाही सांगते. दुपारी मी शिवत बसलेली असते, घरीच. गुरुवारी तेवढी मठात जाते." मग म्हणाली, "भीती वाटेल हो मला, खोटं कशाला सांगू. पण दार उघडेन."

त्या 'भीती वाटेल'नेच माझा जीव भांड्यात पडला. छातीठोक 'काळजी करू नका' म्हणाली असती तर मी तशीच स्टँडवर गेले असते.

तिचं नाव मंदा शेवाळे. ती वर गेली, कुकर लावला होता म्हणून. जाताना म्हणाली, "वाटी सावकाश द्या, घाई नाही."

मग मी आईचा दंड धरला आणि तिला कडेला, गुलमोहराखाली नेलं.

"तुला माहीत होतं."

"काय?"

"आई!"

"हळू बोल, रस्ता हाय."

"नाही बोलणार हळू! दिवा लागल्यावर कुणी विरजण देत नाही, हे तुला माहीत होतं. तू स्वतः कधी दिलं नाहीस. तीन दिवस मला नाचवलंस! ती बाई सकाळी या म्हणाली होती, आणि तू मला सांगितलंस नाही म्हणाली. खोटं बोललीस माझ्याशी. का? माझी पोर मला का देत नाहीस?"

रस्त्यावरची माणसं बघायला लागली. बघा म्हटलं, फुकट आहे. आईच्या हातात ती काचेची वाटी होती, त्यामुळे तिला डोळे पुसता येईनात. तिने ते तसेच वाहू दिले.

"होतं माहीत," ती म्हणाली. "बरं मग? तू जाशील, चार लोकांशी भांडशील, चार लोक जोडशील. तुझं होईल. मी कुणाशी भांडू? सकाळी उठून पोरीची वेणी घालते तेव्हा मला वाटतं, हां, दिवस सुरू झाला. ती गेल्यावर मी उठायचं कशासाठी, हेमे?"

माझा राग कुठे गेला कळलं नाही. खरं सांगायचं तर गेला नाहीच, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. मी म्हटलं, "तूही ये इथे. आपण तिघी राहू."

"घर सोडून? तुझ्या वडलांनी बांधलेलं?" तिने नाक ओढलं. "येईन अधनंमधनं. राहायचं म्हणू नकोस."

मिथिला धावत आली. "आजी, दही मस्त आहे. आपण जायचं ना बसने?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "बसनं मी जाते, बाळा. तुला शाळा बघायला जायचंय आईबरोबर. ती वरची खिडकी तुझी न्हवं का? दुसरं कुणी बसलं म्हणजे?"

मिथिला क्षणभर रडवेली झाली. मग तिने वर, खिडकीकडे बघितलं.

मी सोनवणेच्या हातातून किल्ली परत घेतली.

स्टँडवर सांगलीची गाडी लागलेलीच होती. आई खिडकीशी बसली. पिशवी मांडीवर घेऊन काहीतरी शोधत होती. मग तिने गजांमधून हात बाहेर काढला. तिची दह्याची डबी.

"हे घे. शेवाळणीचं दही दिसायला बरं हाय, पण उन्हाळ्यात आंबट होणार बघ. झालं तर हे लाव."

"आणि तू? तुला काय उरलं?"

"मागीन कुणाकडं तरी. आळीत काय तोटा हाय?"

"सकाळी माग," मी म्हटलं.

तिने मला चापट मारायला हात उगारला, पण गाडी हलली होती. "आणि त्या बाईची वाटी रिकामी देऊ नकोस गं!" एवढं ओरडली. मिथिला हात हलवत राहिली. मी डबी दोन्ही हातांनी धरून उभी होते आणि मला पुन्हा लहान पोरीसारखं रडू येत होतं.

त्या घरात आम्ही बारा वर्षं काढली. मिथिलाला तिथे दोनदा फिट आली. दोन्ही वेळा मंदावहिनी धावल्या, एकदा तर हाताला कणीक तशीच. आठवीत डॉक्टरांनी औषध बंद केलं. आई यायची, पंधरा दिवस राहायची, मंदावहिनींशी माझ्याबद्दल कुजबुजायची आणि परत जायची. ती गेली ती तासगावातच, वडलांच्या घरात.

यंदा मिथिलाला बंगळुरात नोकरी लागली. "आई, तू चल घर बघायला," म्हणाली, "तुला माणसं ओळखता येतात." गेले. पिशवीत वाटी टाकली, तेव्हा ती हसली. तिला ती गोष्ट मीच कितीदा सांगितलेली. हॉटेलच्या खोलीत आरशासमोर केस बांधता बांधता तिने विचारलं, "एजंट म्हणतोय, तुमच्या सोयीने या. कधी जायचं? सकाळी का संध्याकाळी?"

तिची वेणी घालणं कधीच सुटलं होतं. तरी मी तिच्या केसांकडेच बघत होते. आईवर मी भर रस्त्यात केवढी ओरडले होते! संध्याकाळी, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

"सकाळी," मी म्हणाले. "लवकर निघू."